पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवावा का?

जागा सपाट असेल तर ओढू नका. गाडी पहिल्या गिअरमध्ये (ऑटोमॅटिक असेल तर 'पी'मध्ये) टाका आणि चाकांना पुढून-मागून विटा किंवा लाकडी ठोकळे लावा. बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डब्यासारख्या ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे. दमट हवेत ड्रम आतून गंजतो आणि हँडब्रेकमुळे दाबून बसलेलं लायनर (ब्रेकची घर्षणाची पट्टी) त्याला चिकटतं. मग हँडब्रेक खाली केला तरी मागची चाकं जाम! तसं झालंच तर रेस देऊन ओढू नका, लायनर उखडू शकतं. हळूच पुढे-मागे करून पाहा, नाही सुटलं तर मेकॅनिकला बोलवा. उतारावर मात्र हे चालणार नाही. तिथे हँडब्रेक हवाच, शिवाय गिअर आणि ठोकळेही.