माणसं एकसारखी म्हणून विश्वास?

प्रश्न : माझा भाचा नोकरीसाठी डेन्मार्कमधल्या ओडेन्सला चाललाय. तो म्हणतो, तिथे निम्मा पगार करात जातो तरी कुणाची तक्रार नसते, लोक एकमेकांवर डोळे झाकून विश्वास ठेवतात. आमच्या कट्ट्यावर निष्कर्ष निघाला की सगळे एका भाषेचे, एका वळणाचे, म्हणून हे जमतं. तुम्ही तिथे बरीच वर्षं राहिलात. खरं काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तक्रारी करतात हो, भरपूर! निम्मा पगार सगळ्यांचा जात नाही, पण व्हॅट 25 टक्के, तोही दूध-पावावरसुद्धा. फरक एवढाच, की कर बुडवला हे तिथे कुणी चारचौघांत फुशारकीने सांगत नाही.

कट्ट्याचं म्हणणं मला पटत नाही. ‘बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो का?’ हा प्रश्न युरोपियन सोशल सर्व्हे या अनेक देशांतल्या जनमत-पाहणीत 2002 पासून विचारतात. 0 ते 10 मध्ये उत्तर द्यायचं. डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंड कायम वर. पोलंड खाली. आता पोलंडमध्ये जवळपास सगळे पोलिशच बोलतात, बहुतेक कॅथलिक. उलट स्वित्झर्लंडच्या राष्ट्रभाषाच चार, आणि तिथला विश्वास चांगला!

माझं मत तिथल्या आमच्या जिन्यावर राहणाऱ्या दोन आजींवरून बनलं. एकीच्या नवऱ्याचा फर्निचरचा कारखाना होता, दुसरीने जन्मभर शाळेच्या फरशा पुसल्या. दोघींकडे नगरपालिकेची बाई यायची. झाडलोट करायची, आंघोळीला मदत करायची. फुकट. पालिकेचा माणूस आधी येऊन बघून गेला होता, तो फक्त एवढंच की खुर्चीतून स्वतःचं स्वतः उठता येतं का, मोजे घालता येतात का. उत्पन्नाचा दाखला नाही. दाखलाच नाही म्हटल्यावर खोट्या दाखल्याचा संशय कुणी कुणावर घ्यायचा? कारखानदारीणबाईही कर भरताना म्हणायच्या, ‘मलाही मिळतंच की.’ बो रोथस्टाइन हे स्वीडिश अभ्यासक साधारण हेच मांडतात : सर्वांना सारखी मिळणारी योजना विश्वास वाढवते, निवडक गरिबांसाठीची संशय. काही अर्थतज्ज्ञ उलटं म्हणतात, विश्वास आधीचा, योजना नंतरच्या. त्यातही तथ्य आहे. अशा योजनांच्या आधीच, 1882 मध्ये येडिंग गावात डेन्मार्कची पहिली सहकारी डेअरी निघाली, तेव्हा अशा डेअऱ्यांचा दंडकच होता : मतं माणसामागे एक, गायींमागे नाही. सांगलीकरांना सहकारातल्या मतांबद्दल मी काय सांगणार!

राष्ट्रीय अस्मिता मात्र यात शिरलीय, आणि ते मला खुपतं. 2016 मध्ये सरकारने लोकांकडून मतं मागवून डॅनिश समाजाची 10 मूल्यं ठरवली. त्यात विश्वास आहे, कल्याणकारी समाज आहे, डॅनिश भाषा आणि ख्रिस्ती वारसाही आहे. म्हणजे पेन्शन-दवाखाना ही नुसती सोय राहिली नाही, ‘आपली’ ओळख झाली. मग आपलं कोण, हा वाद आलाच. 2002 मध्येच नियम झाला होता, की मागच्या 8 वर्षांपैकी 7 वर्षं देशात न राहिलेल्यांना बेकारीतली सरकारी मदत कमी मिळणार. तो 2012 मध्ये गेला, 2015 मध्ये नव्या नावाने परत आला.

भाच्याला सांगा, नोंदणी झाली की दवाखाना लगेच मिळेल, आरोग्यसेवेचं पिवळं कार्ड जपून ठेव. मुलांच्या भत्त्याला आणि म्हातारपणच्या पेन्शनला मात्र तिथे काढलेली वर्षं मोजतात, म्हणून नोकरीच्या करारात कंपनीचं वेगळं पेन्शन आहे का ते सही करण्याआधी बघ. आणि रस्त्याकडेच्या टपरीवर बटाटे असतील, दुकानदार नसेल, तर पैसे टाकून ये म्हणावं.