डीव्हीडीवर बॅकअप घेताना ‘डेस्टिनेशन पाथ टू लाँग’ असं येतं. वडिलांच्या फाइलींची नावं न बदलता काय करता येईल?

आधी एक कळकळीची विनंती. ती खिडकी पुन्हा आली की ‘स्किप’ दाबू नका, आणि त्याखालच्या ‘सगळ्यांसाठी हेच करा’ या अर्थाच्या चौकोनात तर अजिबात टिक करू नका. तुम्ही लिहिलंय की काही फोल्डर जातात, काही अडतात, ‘स्किप केलं की पुढे सरकतं’. सरकतं ते त्या फाइली मागे ठेवून. नंतर कुठेही त्याची नोंद राहत नाही.

मी बरीच वर्षं एका वकिलांच्या कार्यालयातले कॉम्प्युटर सांभाळतो. एका दाव्याचे कागद मी असेच डीव्हीडीवर घेतले होते. संध्याकाळची घाई होती, खिडकी आली, टिक करून स्किप दाबलं. दीड वर्षाने हार्ड डिस्क गेली तेव्हा ती डीव्हीडी काढली. मोजणीच्या कागदांचा फोल्डर होता, त्यात वर्षाचा फोल्डर होता, त्यात गटनंबरचा फोल्डर होता, आणि तो रिकामा होता. स्कॅन केलेले नकाशे नव्हतेच. नकला पुन्हा काढाव्या लागल्या, आणि पक्षकाराने स्वतःच्या हाताने केलेल्या टिपणांचं एक पान कायमचं गेलं. तुमच्या वडिलांच्या लेखांची तर नक्कल काढायला दुसरं कार्यालयही नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचा मूळ प्रश्न असा: विंडोज १०, डी ड्राइव्हवर वडिलांचे लेख, पत्रं आणि स्कॅन मिळून १८ जीबी, तिथे प्रत्येक फाइल नीट उघडते, पण डीव्हीडीवर ओढून टाकली की पाथ लांब असल्याची तक्रार. डी ड्राइव्हवर चालणारा पाथ डिस्कवर जाताना एकदम लांब कसा होतो?

पाथ म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता. ड्राइव्ह, त्यातला फोल्डर, त्याच्या पोटातला फोल्डर आणि शेवटी फाइलचं नाव, सगळं एका ओळीत धरून. फाइल एक्सप्लोररला, म्हणजे विंडोजच्या फोल्डर दाखवणाऱ्या खिडकीला, हा पत्ता २६० जागांच्या आत लागतो; एक चिन्ह म्हणजे एक जागा. त्यातली एक जागा शेवट दाखवणाऱ्या अदृश्य खुणेची, म्हणजे तुमच्या हातात २५९. फोल्डरच्या पत्त्याला तर आणखी कमी, कारण आत एखादी छोट्या नावाची फाइल मावावी म्हणून १२ जागा राखून ठेवतात. हार्ड डिस्कवरची एनटीएफएस ही व्यवस्था स्वतः ३२ हजारांहून लांब पत्ता सांभाळते. अडचण डिस्कची नाही, तिच्याशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमच्या जुन्या मापाची आहे.

आता डीव्हीडी टाकल्यावर विंडोज दोन पर्याय देतं: एक ‘यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी’ आणि दुसरा ‘सीडी-डीव्हीडी प्लेयरसाठी’. दुसरा निवडला की फाइली थेट डिस्कवर जात नाहीत. आधी त्यांची एक प्रत सी ड्राइव्हवरच्या एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये बनते. तो फोल्डर कुठे असतो? युजर्स, त्यात तुमचं नाव, त्यात ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, बर्न आणि पुन्हा बर्न. युजरचं नाव इंग्रजीत ‘ॲडमिन’ असेल तर एवढ्या पत्त्यालाच ५७ जागा लागतात. डी ड्राइव्हवर सुरुवातीला फक्त ३ लागत होत्या. म्हणजे प्रत्येक फाइलचा पत्ता ५४ ने वाढला. डीवर २१० असलेला पत्ता इथे २६४ होतो, आणि एरर येतो. २०० वाला गुपचूप जातो. काही फोल्डर जातात आणि काही अडतात, ते बहुतेक यामुळेच.

दुसरं कारण आपल्या लिपीत आहे, आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शनात ते सापडत नाही. तुम्ही म्हणता की वडिलांनी लेखाची पहिली ओळच फाइलला नाव म्हणून दिलेली आहे. वर्डमध्ये फाइल पहिल्यांदा सेव्ह करताना ते पहिल्या ओळीवरूनच नाव सुचवतं, म्हणून तसं झालं असणार. समजा नाव आहे ‘गावच्या यात्रेत हरवलेल्या छत्रीची गोष्ट’. आपल्या डोळ्यांना ही १६ अक्षरं आणि ४ मोकळ्या जागा, एकूण २०. कॉम्प्युटर मात्र काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजतो. ‘त्रे’ हे एक अक्षर नसून त, हलन्त, र आणि मात्रा अशा चार जागा आहेत. ‘च्या’च्याही चार. या हिशेबाने ते नाव ३९ चं होतं, आणि पुढे वर्डचं टिंबासकट पाच अक्षरी शेपूट (.docx) धरून ४४. दिसायला आखूड वाटणारं मराठी नाव जवळजवळ दुप्पट जागा खातं. फोल्डरांची नावंही मराठीत असतील तर २६० ची मर्यादा फार लवकर गाठली जाते.

तिसरी अडचण खुद्द डिस्कवर. सीडी-डीव्हीडीवर फाइली मांडायची मूळ पद्धत आयएसओ ९६६०, १९८८ सालची. तिच्या पहिल्या पातळीवर नावाला आठ अक्षरं आणि शेपटाला तीन, आणि फोल्डर आठ पातळ्यांपर्यंतच. त्यावर मायक्रोसॉफ्टने जोलिएट नावाची सोय आणली. तिच्यात देवनागरी चालते, पण एका नावाला ६४ जागा. वरचं ४४ चं नाव त्यात बसतं. त्याच लेखाला वडिलांनी पुढे ‘दिवाळी अंकासाठी सुधारलेला मजकूर’ असं जोडलेलं असेल तर बसत नाही. मग बर्निंगचा, म्हणजे डिस्कवर फाइली लिहिणारा प्रोग्रॅम कधी विचारतो, कधी स्वतःच नाव कापतो. सुरुवात सारखी असलेली दोन नावं कापली की कुठला मसुदा पहिला आणि कुठला शेवटचा, हे नावावरून कळतच नाही. यूडीएफ ही त्यानंतरची पद्धत सगळ्यात सैल. इंग्रजी नावाला २५४ जागा मिळतात, पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह दोन बाइट घेतं म्हणून आपल्याला १२७. तरी वडिलांच्या नावांना तेवढ्या पुरतात.

आता काय करायचं ते.

फाइलींची नावं बदलायची गरज नाही. ती वडिलांनी दिलेली आहेत, ती तशीच ठेवा. आखूड करायचे ते फोल्डर. एका फोल्डरचं नाव त्याच्या पोटातल्या प्रत्येक फाइलच्या पत्त्यात येतं, त्यामुळे वरच्या पातळीवरच्या एकाच नावातून २० जागा वाचवल्या की खालच्या सगळ्या फाइली २० ने आखूड होतात. बहुतेक घरांत वरचे फोल्डरच सगळ्यात लांब असतात: ‘बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरवरचा सगळा डेटा’, त्यात ‘डेस्कटॉपवरचं’, त्यात ‘नवीन फोल्डर’, त्यात झिप उघडताना तयार झालेला ‘स्कॅन’मधला ‘स्कॅन’. ही मधली टरफलं काढून टाका. डी ड्राइव्हवर अगदी वर ‘बाबा’ नावाचा फोल्डर करा. त्याला चार जागा. त्यात ‘लेख’, ‘पत्रे’, ‘स्कॅन’ असे तीन-चार फोल्डर, आणि आत वर्ष.

नाव बदलताना नेहमी वरून खाली या. खालचा फोल्डर मर्यादेबाहेर गेलेला असेल तर एक्सप्लोरर त्याला हात लावू देत नाही. पण सगळ्यात वरच्या फोल्डरचा पत्ता आखूड असल्यामुळे त्याचं नाव बदलता येतं, आणि ते आखूड झालं की खालचे आपोआप हाताशी येतात. उलटही होतं, हे ध्यानात असू द्या: वरच्या फोल्डरला कुणी लांब नाव दिलं तर खालच्या फाइली न कळत मर्यादेबाहेर जातात. तुमच्याकडे तसंच झालेलं असू शकतं.

नावं बदलण्याआधी यादी काढा. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे विंडोजची कमांड टाइप करायची खिडकी उघडा, आधी सीएचसीपी ६५००१ (chcp 65001) ही कमांड द्या, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील. मग त्या फोल्डरमध्ये जाऊन डीआयआर, स्लॅश एस, स्लॅश बी (dir /s /b) असं लिहून, पुढे > हे चिन्ह आणि फाइलचं नाव देऊन निकाल टेक्स्ट फाइलमध्ये वळवा. हे सगळं अर्थात इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायचं. ती टेक्स्ट फाइल एक्सेलमध्ये घ्या, शेजारच्या रकान्यात लांबी मोजणारं लेन (LEN) फंक्शन लावा आणि मोठ्या आकड्यापासून उतरत्या क्रमाने लावा. लेनही काना-मात्रा वेगळ्या मोजतं, म्हणजे विंडोजचा आणि तुमचा हिशेब जुळतो. गुन्हेगार पहिल्या वीस-पंचवीस ओळींतच दिसतील. ही यादी टाकून देऊ नका. जुना पत्ता आणि नवा पत्ता शेजारी ठेवून ‘सूची’ नावाने डिस्कवरच टाका. वडिलांनी एखादा लेख कुठल्या फोल्डरमध्ये ठेवला होता, हीसुद्धा माहितीच आहे.

किती आखूड करायचं? मी डिस्कच्या मुळापासून १८० च्या आत ठेवतो. त्यात तात्पुरत्या फोल्डरचे ५७ मावतात. शिवाय उद्या तुमची भाची ती डिस्क आपल्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर कॉपी करेल, तिथे युजरचं नाव आणि कदाचित वनड्राइव्हही पत्त्यात येईल. बॅकअप घेताना बसलं आणि परत काढताना अडलं, तर त्या बॅकअपचा उपयोग काय?

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या नोंदवहीत, लाँग पाथ्स एनेबल्ड चालू करा, असा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीपासून ती सोय आहे. पण जे प्रोग्रॅम तिच्यासाठी लिहिलेले आहेत त्यांनाच ती लागू पडते, आणि फाइल एक्सप्लोरर जुन्याच मापाने चालतो. तुमची अडचण तिने सुटणार नाही. रोबोकॉपी हे कमांडने चालणारं कॉपीचं साधन मात्र लांब पत्ते नीट हाताळतं आणि विंडोजमध्ये आधीपासून असतं. काहीही हलवण्याआधी सगळा डेटा आहे तसा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायला तेच वापरा. फक्त त्याचा एमआयआर हा पर्याय देऊ नका. तो दुसऱ्या बाजूच्या जास्तीच्या फाइली पुसतो.

सगळं झिप करून एकच फाइल डिस्कवर टाकायची, हाही एक मार्ग. सेव्हन-झिप हा झिपचा प्रोग्रॅम लांब पत्ते बांधतो आणि सोडतोही. मला स्मृतींच्या बाबतीत तो पटत नाही. डिस्कवर एक चरा पडला तर सुट्या फाइलींपैकी एखादी जाते. एका मोठ्या गाठोड्याचं मात्र काय वाचेल ते सांगता येत नाही. शिवाय पंधरा वर्षांनी ते उघडणाऱ्याने विंडोजच्या साध्या झिपने उघडलं, तर हाच एरर त्याच्यासमोर उभा राहणार.

फोल्डर आखूड झाले की इमगबर्नसारखा (ImgBurn) बर्निंगचा प्रोग्रॅम वापरा. तो फाइली मूळ जागेवरूनच वाचतो, सी ड्राइव्हवरच्या त्या तात्पुरत्या फोल्डरचा फेरा टळतो. फाइल सिस्टिममध्ये फक्त यूडीएफ निवडा आणि आवृत्ती १.०२ ठेवा, डीव्हीडीसाठी ती पुष्कळ आहे आणि जुने कॉम्प्युटरही ती वाचतात. पेटीवर ४.७ जीबी लिहिलेलं असलं तरी विंडोजच्या मोजणीत ४.३७ च भरतात, म्हणून १८ जीबीला पाच डिस्क धरा. विषयानुसार वाटा, म्हणजे पत्रं एकीवर, लेख एकीवर. एकच फोल्डर दोन डिस्कांवर तोडू नका.

मग पडताळणी, आणि ती टाळू नका. बर्न करताना व्हेरिफाय चालू ठेवा. डिस्कवरच्या फोल्डरवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज बघा: फाइलींची संख्या आणि बाइट मूळ फोल्डरशी शेवटच्या अंकापर्यंत जुळले पाहिजेत. ‘साधारण तेवढेच’ म्हणजे काहीतरी राहिलंय. शेवटी डिस्क दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरमध्ये घाला, एक्सेलच्या यादीत सगळ्यात वर असलेला, म्हणजे सगळ्यात लांब पत्त्याचा लेख शोधा, तो फोल्डर तिथल्या डेस्कटॉपवर कॉपी करा आणि लेख उघडून पहिला परिच्छेद वाचा.