रजिस्टरात आकडा लिहायच्या आधी

प्रिय बाळा,
येशूच्या नावात सलाम.

तुझा मेसेज वाचला. टॉवेलच्या कारखान्यात हिशोबाला बसतोस, शिलाईच्या बायकांच्या हातात एक रक्कम पडते आणि रजिस्टरात कायद्यात बसेल अशी दुसरीच मोठी रक्कम लिहायला लावतात, अंगठे पण तूच घेतोस, आणि हे चर्चमधल्या एका मोठ्या माणसाला सांगितलं तर ते म्हणाले प्रार्थना कर, सहन कर, प्रभूने पण सहन केलं. हे शेवटचंच तुला जास्त लागलंय असं वाटतं, म्हणून तिथूनच बोलतो.

प्रभूने सहन केलं हे खरंच आहे. पण योहानाचा 18 वा अध्याय काढ, 22 आणि 23 वचन. महायाजकापुढे शिपाई त्याच्या थोबाडीत मारतो तेव्हा येशू विचारतो, मी चुकीचं बोललो असेन तर काय चुकलं ते दाखव, बरोबर बोललो असेन तर मारतोस का? शिवी दिली नाही, शाप दिला नाही, पण विचारलं, आणि तेही बांधलेल्या अवस्थेत. दुसरा गाल पुढे कर सांगणारा तोच, मग त्या वचनाचा अर्थ त्याच्याच वागण्यावरून लावायला नको का? प्रेषित पौलाचं बघ, फिलिप्पै शहरात चौकशी न करता फटके मारले, तुरुंगात टाकलं, सकाळी अधिकारी निरोप पाठवतात की गुपचूप निघा, तर तो म्हणतो आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं. रात्री त्याच तुरुंगात तो गाणी गात होता बरं का.

आणि तुझ्या आईला विचार. दिवसभर सूप मांडीवर घेऊन बिड्या वळते, मान मोडून येते, मग बिडी कंपनीच्या ब्रँचला मोजून द्यायला गेली की तिथला माणूस चाळतो, ही छाट, ती पण छाट, असं करत बाजूला काढतो आणि तेवढे पैसे गेले, वर पान कमी पडलं तर ते स्वतःच्या पैशाने विकत आणायचं. तू जो आकडा लिहितोस ना तो अशाच कुणाच्या तरी आईचा आहे. किमान वेतनाचा कायदा 1948 ला झाला, बिडीवाल्यांसाठी 1966 ला वेगळा झाला, आणि खोट्या रजिस्टरापुढे असले कायदे नुसते कागदावर राहतात, ते रजिस्टर आज तुझ्या पेनाने भरतंय. याकोब 5:4 मध्ये अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते असं लिहिलंय, मजूर घाबरून गप्प असला तरी.

आपल्यात पंडिता रमाबाईंचं नाव सगळे घेतात, पण 1897 च्या प्लेगमध्ये पुण्याच्या सरकारी व्यवस्थेत बायकांचे हाल होत होते त्यावर त्यांनी पेपरात उघड लिहिलं हे कुणी सांगत नाही. सरकार ख्रिस्ती लोकांचं होतं, तरी लिहिलं.

आता तू काय करायचं. उद्या राजीनामा फेक असं मी म्हणणार नाही, तुझ्या पगारावर घर चालतंय हे मला माहीत आहे. आधी स्वतःच्या वहीत तारीख टाकून खरी रक्कम लिहीत जा. रजिस्टरचे फोटो काढून ग्रुपवर अजिबात टाकू नको, त्यात बायकांची नावं आहेत, पहिली गदा त्यांच्यावरच येईल. त्यांना आधी विचार, त्यांना काय हवंय ते ऐक. मग मालकाशी एकट्यात बोल, मत्तय 18 मध्ये सांगितलंय तसं, चार लोकांत नको. सरळ सांग की मी खरा आकडा लिहीन, खोटा लिहिणार नाही. सुताचा भाव वाढला की त्याची पण झोप उडते, ते ऐकून घे, पण ती भरपाई शिलाईवालीच्या मजुरीतून का, हे विचार. त्याच्यासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना कर, खरंच कर, नाहीतर बोलताना आवाजात विष येतं.

नाही ऐकलं तर कामगार ऑफिस आहे, युनियन आहे. लाल बावट्यावाले देव मानत नाहीत म्हणून तिकडे जायचं नाही असं आपल्यातले काही जण म्हणतात, मला ते बिलकुल पटत नाही. सोलापूरजवळ कुंभारीला बिडीवाल्या बायकांची 10,000 घरं उभी राहिली ती वर्षानुवर्षं लाल बावट्याखाली मोर्चे काढल्यावरच ना.

चर्च सोडू नको. त्या मोठ्या माणसाशी मी बोलतो, ते तुझं काम नाही.

शनिवारी पगार वाटतात ना, मग शुक्रवारी संध्याकाळी घरी ये, आईला पण घेऊन ये, मालकापुढे काय बोलायचं ते बसून ठरवू. पाहिजे तर मी गेटपर्यंत सोबत येतो. आणि नोकरी गेलीच तर ओळखीत दोन-तीन ठिकाणी हिशोबाला माणूस लागतो, मी आत्तापासूनच सांगून ठेवतो.

तुझा,
काका