नाशिकच्या वस्तीत शाळा सुटलेल्या मुलींसाठी शिवणक्लास काढावा का?

तुम्ही लिहिलंय की सातपूरच्या वस्तीत शाळा सुटलेल्या बारा ते सतरा वर्षांच्या बऱ्याच मुली आहेत, एक खोली आणि चार मशिनं मिळतायत, तर शिवणक्लास काढावा का?

काढा. पण शिवण हे मुलीला घराबाहेर पडायला घरच्यांना पटणारं निमित्त समजा. ‘अभ्यासाला जाते’ म्हटलं की आई धाकट्याला तिच्या कडेवर देते, ‘शिवणाला जाते’ म्हटलं की सोडते. मी अशाच वस्तीत संध्याकाळचा वर्ग घेते, तिथलं पाहून सांगतेय. धाकट्याला घेऊन आली तरी आत घ्या. आणि नळाला पाणी यायच्या वेळी वर्ग ठेवू नका, कोणी येणार नाही.

आधी वयं नीट लिहून घ्या. चौदाच्या आतली मुलगी तुमच्या क्लासची नाहीच, ती शाळेची. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं तिला वयानुसार वर्गात बसता येतं आणि मागे राहिलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षणही मिळायला हवं. दाखला किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. तरी ‘आधी दाखला आणा’ हे ऐकावं लागतंच. तिथे वाद घालत बसू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडात उतरणाऱ्या कुटुंबांच्या मुली असतील, तर गावच्या शाळेतून शिक्षण हमी पत्रक (स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळा देते ते कार्ड) आणलंय का विचारा. ते असलं की इथल्या शाळेत बसवणं सोपं जातं.

चौदाच्या पुढच्या मुलींचं खरं काम तुमच्याकडे. पाचवी पास असेल आणि शाळा सोडल्याचा दाखला सापडला, तर सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देण्याचा फॉर्म, भरून दहावीला बसता येतं. फॉर्मची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते, तेव्हा जून लागला की बोर्डाच्या सूचनांवर लक्ष ठेवा. जिचं शिक्षण फारच तुटलंय तिला राष्ट्रीय मुक्त विद्यालय बरं. पाच विषय, माध्यम मराठी घेता येतं, आणि एकेक विषय सोडवत पाच वर्षांत पूर्ण करता येतं. चौथीत सुटलेल्या मुलीला मात्र लगेच फॉर्म भरायला लावू नका. वर्षभर वाचन आणि हिशोब पक्का करा. मापं घेताना अपूर्णांक आपसूक येतात, तेवढा शिवणाचा फायदा घ्या.

अंगणवाडीत किशोरींची योजना आहे, असं कोणीतरी सांगेलच. किशोरींसाठीच्या पूर्वीच्या ‘सबला’ योजनेत नाशिक जिल्हा होता. आताची योजना महाराष्ट्रात आकांक्षित (केंद्राने मागास म्हणून निवडलेल्या) जिल्ह्यांपुरती आहे आणि नाशिक त्यात येत नाही, म्हणून तिच्या भरवशावर काही आखू नका. त्यापेक्षा वडील नसलेल्या मुलींची नावं वेगळी काढा. अशा मुलांना सांभाळायला मदत देणाऱ्या सरकारच्या बालसंगोपन योजनेत महिना 2250 रुपये मिळू शकतात. महिला व बालविकास कार्यालयात कागद जमवायला फेऱ्या होतात, पण ‘हिची कमाई बुडेल’ म्हणणाऱ्या आईपुढे ठेवायला तुमच्याकडे एवढीच ठोस गोष्ट असते.

मशिनवर बसल्या बसल्या मुली घरातलं बोलतात. लग्न ठरल्याचं बहुतेक तिथेच कळतं. मुलगी अठराच्या आतली असेल तर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, आणि लग्न गावाकडे असेल तर गावाचं नाव आणि तारीख आधी काढून ठेवा. गावात बालविवाह थांबवण्याचा अधिकार ग्रामसेवकाकडे (आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) असतो. बातमी कोणत्या मुलीकडून कळली हे वस्तीत कोणालाही सांगू नका, अगदी तिच्या मैत्रिणीलाही नाही.