गोड्या पाण्यातले छोटे मासे वाढवताना परवडणारं खाद्य कसं निवडावं?

पोत्याची किंमत नंतर बघा. आधी विचारा, एक किलो मासा वाढायला किती किलो खाद्य लागतं? दीड किलोत भागत असेल तर महाग पोतंही स्वस्त पडतं. हलक्या प्रतीचं खाद्य जास्त टाकावं लागतं, उरलेलं तळाशी कुजतं आणि पाणी बिघडतं ते वेगळंच.

बोटुकलीला, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांना, साधारण ३० ते ३५ टक्के प्रथिनं हवीत. पुढे रोहू-कटल्यासारख्यांना २५ ते २८ टक्के पुरतात. दाणा माशाच्या तोंडात मावणारा, शक्यतो तरंगणारा घ्या. १५-२० मिनिटांनीही दाणे पाण्यावर दिसले की पुढच्या वेळी हात आखडता घ्या. कुबट वास किंवा बुरशी असलेलं पोतं मात्र, फेकून देणं कितीही जिवावर आलं तरी, तळ्यात टाकू नका.