वाचक विचारतात : ड्रायव्हर एक, प्रोसेसर अनेक

नेटवर्क ड्रायव्हर (नेटवर्क कार्ड चालवणारा प्रोग्राम) वेगवानही हवा आणि उद्या दुसऱ्या प्रोसेसरवरही चालायला हवा, या ओढाताणीबद्दल इंदूरच्या वाचकांनी विचारलेले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिल्या दोघांना जागा जास्त दिली आहे, कारण गोम तिथेच आहे.

प्रश्न : आम्ही सांवेर रोडवर कारखान्यांसाठी छोटे गेटवे (यंत्रांना नेटवर्कशी जोडणाऱ्या पेट्या) बनवतो. नेटवर्क कार्डाचा आमचा लिनक्स ड्रायव्हर इंटेलच्या पीसीवर बिनतक्रार चालतो. तोच एआरएम (इंटेलहून वेगळ्या जातीचा प्रोसेसर) बोर्डावर चढवला की लाखात एखादं पॅकेट (नेटवर्कवरून येणारा डेटाचा गठ्ठा) खराब येतं. कधी लांबी चुकीची, कधी आतला डेटा भलताच. केबल बदलली, कार्ड बदललं. बोर्डातच दोष आहे का?

उत्तर : बोर्डाला दोष देण्याआधी ड्रायव्हर तपासा. तुम्ही सांगता त्या दोन लक्षणांमागे बहुधा दोन वेगळ्या चुका आहेत, आणि इंटेलवर दोन्ही झाकल्या जातात.

आधी लांबीचं पाहू. कार्ड पॅकेटचा डेटा मेमरीत टाकतं, मग डिस्क्रिप्टरमध्ये (कार्ड आणि ड्रायव्हर दोघंही वापरतात त्या मेमरीतल्या नोंदीत) लांबी लिहितं आणि सगळ्यात शेवटी स्टेटसमधला ‘काम झालं’ हा बिट चढवतं. ड्रायव्हर आधी स्टेटस वाचतो, मग लांबी. निदान कोडमध्ये तसं लिहिलेलं असतं. इंटेलचा प्रोसेसर साध्या मेमरीतली दोन वाचनं उलटसुलट झाल्याचं दिसू देत नाही. एआरएमला ती सूट आहे : लांबी आधी उचलली, तेवढ्यात कार्डाने डिस्क्रिप्टर पूर्ण केला आणि मग स्टेटस वाचला, असं तिथे होऊ शकतं. बिट चढलेला दिसतो, पण हातातली लांबी शिळी असते.

दुरुस्ती एका ओळीची आहे. स्टेटस ‘रीड_वन्स’ने वाचा (ही आणि पुढची नावं कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, तयार मॅक्रोंची आणि फंक्शनांची). बिट नसेल तर बाहेर पडा. असेल तर ‘डीएमए_आरएमबी’ ही बॅरिअर (वाचनांचा क्रम राखणारी आड) घाला आणि त्यानंतरच लांबी वाचा. पाठवण्याच्या बाजूला हेच उलट्या दिशेने : पत्ता आणि लांबी भरा, ‘डीएमए_डब्ल्यूएमबी’ (लिहिण्याचा क्रम राखणारी बॅरिअर) घाला, मग डिस्क्रिप्टर कार्डाच्या ताब्यात देणारा बिट चढवा आणि शेवटी ‘राइटएल’ने डोअरबेल वाजवा, म्हणजे ‘नवं काम आलं’ असं कार्डाच्या रजिस्टरमध्ये (त्याच्यावरच्या छोट्या कप्प्यात) लिहा. यामुळे इंटेलवर वेग घटेल ही भीती बाळगू नका. तिथे या दोन्ही मॅक्रोंची मजल कंपायलरला ‘क्रम बदलू नकोस’ असं बजावण्यापुरतीच असते, एकही जादा इन्स्ट्रक्शन तयार होत नाही. एआरएमवर मात्र खरी बॅरिअर इन्स्ट्रक्शन पडते. पुष्कळ जण इथे स्वतःची असेंब्ली (त्या त्या प्रोसेसरची थेट भाषा) घालतात. कर्नलने जे फुकट दिलंय ते हाताने लिहून दोन प्रोसेसरांसाठी दोनदा सांभाळण्यात काहीच शहाणपणा नाही.

‘राइटएल’चा सैल भाऊ ‘राइटएल_रिलॅक्स्ड’ स्वस्त आहे, पण साध्या मेमरीत आधी लिहिलेलं कार्डापर्यंत पोचल्याची हमी तो देत नाही. सुरुवातीला कार्ड सेट करताना ओळीने दहा रजिस्टरं भरायची असतील तिथे तो खुशाल वापरा. डोअरबेलला नको.

आता भलत्याच डेटाचं. खराब पॅकेटचा हेक्स डंप (एकेका बाइटची यादी) काढा आणि बिघडलेला तुकडा मेमरीत कुठे सुरू होतो, कुठे संपतो ते पाहा. दोन्ही टोकं ६४ बाइटच्या सीमेवर येत असतील आणि आत जुन्याच पॅकेटचा मजकूर असेल, तर गुन्हेगार कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) आहे : ती ‘कॅश लाइन’ नावाच्या, बहुधा ६४ बाइटच्या तुकड्यांत चालते. इंटेलच्या पीसीत कार्डाने मेमरीत लिहिलेलं प्रोसेसरच्या कॅशला आपोआप कळतं. अनेक एआरएम बोर्डांवर तशी सोय नसते. तिथे बफर (पॅकेट ठेवायची मेमरी) वाचण्यापूर्वी ‘डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_सीपीयू’ आणि कार्डाला परत देण्यापूर्वी ‘फॉर_डिव्हाइस’ लागतंच. बफर दुसऱ्या कुठल्या व्हेरिएबलबरोबर एकाच कॅश लाइनमध्ये बसू देऊ नका, आणि स्टॅकवरचा (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीतला) बफर तर डीएमएला (कार्डाने मेमरी थेट वाचण्या-लिहिण्याला) कधीच देऊ नका. कर्नलमध्ये डीएमए डीबगचा पर्याय चालू केलात तर मॅप-अनमॅपच्या (बफर कार्डाला खुला आणि बंद करण्याच्या) आकारातली किंवा दिशेतली चूक तो पकडतो, पण विसरलेला सिंक त्याला दिसत नाही. तो कोड वाचूनच शोधायचा.

प्रश्न : दहा गिगाबिटच्या कार्डासाठी वरिष्ठ म्हणतात, चेकसम (डेटा बिघडला का ते तपासणारी बेरीज) आणि डिस्क्रिप्टर वाचणं एव्हीएक्समध्ये (अनेक आकडे एकदम हाताळणाऱ्या इंटेलच्या इन्स्ट्रक्शनांमध्ये) लिहा, म्हणजे वेग मिळेल. ड्रायव्हर कर्नलमधला आहे. करावं का? (सुपर कॉरिडॉर)

उत्तर : चेकसमसाठी करू नका. आधी ‘ईथटूल -के’ने (लहान k) कार्ड स्वतः काय काय करतं त्याची यादी पाहा. चेकसम कार्ड स्वतःच काढत असेल तर विषय मिटला.

हिशोब असा. १० गिगाबिटवर ६४ बाइटची पॅकेटं सेकंदाला जास्तीत जास्त १.४८८ कोटी येतात, म्हणजे एकाला ६७.२ नॅनोसेकंद. ३ गिगाहर्ट्झवर ही जेमतेम २०० सायकल (प्रोसेसरचे ठोके) झाली. कॅश चुकून मुख्य मेमरीपर्यंत जावं लागलं की एका खेपेलाच साधारण एवढा वेळ जातो. आणि कर्नलमध्ये एव्हीएक्स वापरायचं तर ‘कर्नल_एफपीयू_बिगिन’ने चालू प्रोग्रामची रजिस्टरं (ही प्रोसेसरमधली) आधी जपून ठेवावी लागतात, एव्हीएक्स-५१२ची तर २ किलोबाइटहून जास्त भरतात. एकेका पॅकेटला हा सोपस्कार केला तर वाचवलेलं सगळं त्यातच गेलं. वेग मिळतो तो पॅकेटं घोळक्याने हाताळून (एनएपीआय या कर्नलच्या पॅकेटं उचलण्याच्या पद्धतीत एका फेरीला ६४ हा नेहमीचा आकडा), डोअरबेल घोळक्याला एकदाच वाजवून आणि एकत्र लागणारी फील्डं एकाच कॅश लाइनमध्ये ठेवून. हे सगळं साध्या सीमध्ये होतं आणि कुठल्याही प्रोसेसरवर फळतं.

प्रीफेचचंही (लागणारा डेटा आधीच कॅशमध्ये मागवण्याचंही) तेच. २०११ मध्ये लिनक्स कर्नलने लिंक्ड लिस्ट चालण्याच्या मॅक्रोंमधले प्रीफेच काढून टाकले, कारण फायद्यापेक्षा तोटा होत होता. ड्रायव्हरमध्ये हवाच असेल तर ‘नेट_प्रीफेच’ घ्या. कॅश लाइन १२८ बाइटपेक्षा लहान असेल तर पुढची लाइनही मागवायची, हे तो स्वतः ठरवतो. ६४ हा आकडा कोडमध्ये कोरून ठेवू नका.

प्रोसेसरनिहाय कोडला खरी जागा आहे ती डीपीडीकेसारख्या (पॅकेटं कर्नलला वगळून हाताळणाऱ्या) यूजरस्पेस, म्हणजे कर्नलबाहेरच्या, ड्रायव्हरमध्ये. तिथली मांडणी उचलण्याजोगी आहे : एसएसई, एव्हीएक्स२ (इंटेलचे) आणि निऑन (एआरएमचा) या इन्स्ट्रक्शन-संचांच्या वेगळ्या फाइल, शेजारी साध्या सीचा मार्ग कायम, आणि पोर्ट सुरू होताना प्रोसेसर तपासून फंक्शन पॉइंटर (कुठलं फंक्शन चालवायचं त्याचा पत्ता) एकदाच बसवायचा. स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-दोषावरच्या उपायांनंतर पॉइंटरमार्गे कॉल महाग झाला आहे, पण ३२ पॅकेटांच्या घोळक्यामागे एकच कॉल असेल तर तो जाणवत नाही. साधा मार्ग मात्र रोजच्या टेस्टमध्ये चालवत राहा, नाहीतर नेमका गरजेच्या दिवशी तो मोडलेला निघेल.

आणखी एक हमखास खड्डा : डीपीडीकेचा बिल्ड मुळात ज्या मशीनवर होतो त्याच प्रोसेसरसाठी होतो. ग्राहकाचा सर्व्हर जुना असला की ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून प्रोग्राम सुरू होताच मरतो. वाटायच्या प्रतीसाठी मेसनमध्ये (बिल्ड करणाऱ्या साधनात) प्लॅटफॉर्म ‘जेनेरिक’ ठेवा.

मोजताना ‘पीकेटीजेन’ने (कर्नलच्या पॅकेटं सोडणाऱ्या साधनाने) ६४ बाइटची पॅकेटं सोडा, इंटरप्ट (कार्डाची प्रोसेसरला हाक) एका कोअरला बांधा, गव्हर्नर (क्लॉकचा वेग ठरवणारा) ‘परफॉर्मन्स’वर ठेवा आणि ‘पर्फ स्टॅट’च्या सायकलींना पॅकेटांनी भागा. इंदुरातल्या मे महिन्यात बिनपंख्याचा बोर्ड पत्र्याच्या शेडखाली तापून स्वतःच क्लॉक उतरवतो. मग सकाळचा कोड ‘जलद’ आणि दुपारचा ‘मंद’ ठरतो. ‘थर्मल_झोन०’चं तापमान आकड्यांशेजारी लिहीत जा. ते मिलिअंशात असतं : ७५००० म्हणजे ७५ अंश.

प्रश्न : एआरएम सर्व्हरवर ६४ केबी पेजचा (मेमरी ६४ केबीच्या तुकड्यांत वाटणारा) कर्नल घातला आणि ड्रायव्हर मेमरी खाऊ लागला. का? (सुदामानगर)

उत्तर : पॅकेटामागे एक पूर्ण पेज घेत असणार. ४ केबीला ते खपून जातं. ६४ केबीला ५१२ डिस्क्रिप्टरची एक रिंग (गोल रांग) ३२ एमबी अडवते, आणि रिंग कोअरमागे एक असते. पेज पूल (पेजं पुन्हा वापरू देणारा कर्नलचा साठा) वापरून एका पेजचे २ केबीचे तुकडे पाडा.

प्रश्न : बिग-एंडियन (संख्येचा मोठा बाइट आधी ठेवणारं) मशीन जवळ नाही. ड्रायव्हर तिथे चालेल याची खात्री कशी करावी? (विद्यार्थी, रामबाग)

उत्तर : डिस्क्रिप्टरची फील्डं ‘__एलई३२’ (लिटल-एंडियन, म्हणजे लहान बाइट आधी) जातीची जाहीर करा, वाचताना ‘एलई३२_टू_सीपीयू’ लावा आणि ‘मेक सी=१’ने स्पार्स हा कोड तपासणारा प्रोग्राम चालवा. जिथे रूपांतर राहिलं असेल ती ओळ तो दाखवतो. सीच्या बिटफील्डने डिस्क्रिप्टर मांडू नका, बिग-एंडियनवर त्यांची रचना उलटते. मास्क वापरा.

मग डिस्क्रिप्टर उलगडणारं फंक्शन वेगळं काढा, खऱ्या कार्डातून टिपलेले बाइट त्याला द्या, एस३९०एक्सच्या (आयबीएमच्या बिग-एंडियन मेनफ्रेमच्या) क्रॉस-कंपायलरने बांधा आणि क्यूएमू या दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या यूजर मोडमध्ये चालवा. कार्ड नसलं तरी चालतं. पहिल्या प्रश्नातली क्रमाची चूक मात्र इंटेलवर चालणाऱ्या क्यूएमूत सापडेल या भरवशावर राहू नका. तिच्यासाठी खरा एआरएम बोर्ड आणि रातभर लहान पॅकेटांचा मारा, एवढंच कामाला येतं.