२६ जानेवारीला ‘ध्वजारोहण’ म्हणायचे की नाही?

प्रश्न असा आला आहे: सोसायटीच्या २६ जानेवारीच्या सूचनेत ‘ध्वजारोहण’ लिहिले, तेव्हा एका सभासदाने हरकत घेतली. ध्वजारोहण फक्त १५ ऑगस्टला होते, प्रजासत्ताक दिनी ध्वज ‘फडकवतात’, असे त्यांचे म्हणणे. यात तथ्य किती?

दर जानेवारीत हा युक्तिवाद फिरू लागतो. १९४७ साली परकी निशाण उतरून आपले चढले, म्हणून १५ ऑगस्टला ध्वज खालून वर नेतात. १९५० साली देश स्वतंत्रच होता, म्हणून तो वर आधीच बांधलेला असतो आणि फक्त उलगडतात. इतिहास म्हणून मुद्दा समजण्यासारखा आहे. २६ जानेवारी १९५०ला ध्वज बदलला नाही. संविधान सभेने तो २२ जुलै १९४७लाच स्वीकारला होता. पण त्यावरून तारखेला शब्द बांधून टाकणे मला पटत नाही. शब्द ठरतो तो दोरी ओढल्यावर काय घडते त्यावरून.

‘आरोहण’ म्हणजे चढणे. गिर्यारोहणात गिरीवर चढतात, अश्वारोहणात अश्वावर. ध्वजारोहणात मात्र ध्वजावर कोणी चढत नाही, ध्वजच स्तंभावर चढतो. समासाचा विग्रह ‘ध्वजाचे आरोहण’ असा. तेव्हा ध्वज स्तंभाच्या पायथ्यापासून वर गेला, तर महिना कुठलाही असो, ते ध्वजारोहणच. घडी घालून टोकाला बांधलेला ध्वज झटक्याने मोकळा केला, तर काटेकोर बोलायचे झाल्यास ते उलगडणे. अनेक शाळा आणि सोसायट्या दोन्ही दिवशी ध्वज वर बांधूनच ठेवतात, म्हणजे हरकतीतला नियम लावला तर त्यांचे १५ ऑगस्टचे ‘ध्वजारोहण’ही चुकीचे ठरेल! ‘फडकवणे’ हे ‘फडकणे’चे प्रयोजक रूप, ध्वज वाऱ्यावर मोकळा झाला की ते दोन्ही दिवशी चालते.

दिवसांतला खरा फरक कोणाच्या हस्ते, यात आहे. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावर पंतप्रधान, २६ जानेवारीला कर्तव्यपथावर राष्ट्रपती. राज्यांत स्वातंत्र्यदिनाचा मान १९७४पासून मुख्यमंत्र्यांकडे आहे, प्रजासत्ताक दिनाचा राज्यपालांकडे.

उलगडण्याची पद्धत वापरणार असाल तर गाठीकडे लक्ष द्या. सुरगाठ हवी, एका हिसक्यात सुटणारी. घाईत निरगाठ बसली, किंवा दोरीचा पीळ घडीत अडकला, की प्रमुख पाहुणे दोरी ओढत राहतात आणि ध्वज हलत नाही. आदल्या दिवशी एकदा उलगडून पाहावा. त्याच वेळी केशरी पट्टा वर येतो ना, हेही कळते; उलटा ध्वज बहुधा बांधतानाच उलटा झालेला असतो. घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवायला ध्वजसंहितेची मुभा आहे.

भारतीय ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ला लागू झाली. ध्वज झपकन वर न्यावा आणि सावकाश, सन्मानाने उतरवावा, असे ती सांगते. या उतरवण्यालाही शब्द आहे: ‘ध्वजावरोहण’. गाण्यातल्या आरोह-अवरोहामुळे ‘अवरोह’ कानाला परका नाही, आणि मंदिरांच्या उत्सवांत ध्वजारोहण-ध्वजावरोहण अशी जोडीही आहे. आपल्या सूचनांत मात्र आरोहणाची वेळ ठळक असते, उतरवणार कोण याचा उल्लेखच नसतो. जुलै २०२२च्या दुरुस्तीपासून उघड्यावर किंवा घरावर ध्वज रात्रंदिवस ठेवता येतो, त्यामुळे हे विस्मरण वाढले. फाटलेला वा विटलेला ध्वज लावू नये, हा नियम मात्र तसाच आहे. असा ध्वज एकांतात, सन्मानाने, शक्यतो जाळून, पूर्णपणे नष्ट करायचा असतो. पुसायला वा बांधायला वापरायचा नसतो. संविधानाच्या अनुच्छेद ५१क मधले पहिलेच मूलभूत कर्तव्य संविधान, राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत यांचा आदर राखण्याचे आहे. तो आदर सकाळच्या दहा मिनिटांत संपतो असे मानायला कुठे आधार नाही.

याच ओघात एक वाक्प्रयोग: दुखवट्यात ध्वज ‘अर्ध्यावर उभारला’ असे कधी कधी छापून येते. ‘अर्ध्यावर उतरवला’ लिहावे. प्रत्यक्ष क्रियाही तशीच आहे. ध्वज आधी क्षणभर टोकापर्यंत नेतात, मग अर्ध्यावर आणतात. संध्याकाळी काढतानाही पुन्हा टोकाला नेऊनच खाली घेतात.

आता सूचनेचे शब्द. संपूर्ण कार्यक्रमाला, म्हणजे ध्वज, सलामी, साधारण ५२ सेकंदांचे राष्ट्रगीत या सगळ्याला, ‘ध्वजवंदन’ हा सर्वांत नेमका शब्द. ‘झेंडावंदन’ही तितकेच चांगले, ‘झेंडा’ला संस्कृत ‘वंदन’ जोडले म्हणून नाक मुरडायचे कारण नाही, पिढ्यान्‌पिढ्या ते रुळले आहे. ‘ध्वजारोहण’ ठेवायचेच असेल तरी चूक म्हणता येणार नाही, कारण रूढीने ते सोहळ्याचेच नाव झाले आहे. फक्त ‘ध्वजरोहण’ किंवा ‘ध्वजारोहन’ लिहू नका. आणि वेळेच्या खालच्या ओळीत हेही छापा: ‘ध्वजावरोहण: सूर्यास्तापूर्वी’, सोबत ज्यांनी ते करायचे त्या दोघांची नावे.